एसटीतला फौजी आणि माझे जुलाब

“कंडक्टर, गाडी थांबव, न्हाईतर सीट तूच धू!” असं ओरडून मी भोर-हिर्डोशी एसटीतून उतरले आणि झुडपामागे पळाले. सकाळपासूनची ही सातवी वेळ होती. परत आले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती. माझ्या शेजारी बसलेला, सुट्टीवर आलेला एक फौजी गाडीच्या दारात पाय रोवून उभा होता, म्हणून गाडी मला सोडून गेली नव्हती.

त्याने मला हाताला धरून बसवलं, खिशातून मीठ-साखरेची पुडी काढून पाण्याच्या बाटलीत ओतली आणि बंदूक साफ करावी तशा निगुतीने ती बाटली हलवली.

“प्या, आजी.”

“जुलाबात आमी पाणी बंद करतो. वरून ओतलं की खालून जातं.”

“परदेशात आमच्या छावणीला अशीच हगवण लागली. गोळी एक सुटली न्हाई, पण निम्मी पलटण आडवी. साहेबांना सलाम ठोकला तर घ्यायला हात मोकळा न्हाई, दोन्ही हात पँटला! तिथं एका शहाण्यानं गावाकडची अक्कल चालवून पाणी प्यायचंच सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याला उचलून न्यावं लागलं.”

“मेला का मुडदा?”

“न्हाई. तुमच्या शेजारी बसलाय. प्या आता, घोट घोट.”

मी प्यायले. हिर्डोशी येईपर्यंत त्याने मला बाटली खाली ठेवू दिली नाही. उतरताना त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या दुखण्यातून तो वाचला होता, आणि मीही वाचले.