शेजारच्या खुर्चीतला वन्स मोअर

आठ वर्षांची असताना पाहिलेलं संगीत नाटक परवा उस्मानपुऱ्यातल्या नाट्यगृहात पुन्हा लागलं, म्हणून गेले. नायिकेची सगळी पदं मला तेव्हापासून पाठ आहेत. शेजारी धोतर-टोपीतले एक काका होते. ते मांडीवर ताल धरायचे आणि सम आली की माझ्याच खुर्चीचा हात थोपटायचे.

माझ्या सर्वांत आवडत्या पदात नव्या नायिकेचा वरचा सूर चिरकला. मागे कुणीतरी हसलं. मुलगी रडवेली झाली. तेवढ्यात काका ओरडले, "वन्स मोअर!"

मी म्हटलं, "काका, बेसूर झालं की ते."

"म्हनून तर मागितलं. चांगलं गायलं की कुनीबी मागतंय. ही अशीच आत गेली तर उद्या हितं उभं ऱ्हायाला भिईल लेकरू."

ऑर्गनवाल्याने पुन्हा सूर दिला. या वेळी ती वर पोचली आणि तिथे निवांत थांबली. लहानपणी ऐकलं होतं त्याहून जरा वेगळं, पण स्वच्छ.

काका माझ्याकडे वळले. "आता वाजवा की टाळ्या, ताई. हाताची घडी घालून काय बसलाव?"

मी वाजवल्या, तळवे झोंबेपर्यंत.