रोझारियोचा वाटा

दर्याला "नाही" म्हणायचं नाही, हे इझाबेलला कुणी शिकवलं नव्हतं. त्या वाडीत ते कुणालाच शिकवावं लागत नसे. रापण ओढून झाली, जाळ्यात शेवाळ आणि दोन-चार कुर्ल्या आल्या, आणि वरच्या रस्त्याने जाणाऱ्या कुणी ओरडून विचारलं, "काय गावला रे?" तर खाली वाळूत उभा असलेला माणूस सांगणार, "आसा, आसा. बरा आसा." घरी नुसती पेज शिजत असली तरी बरा आसा. ज्याच्याकडे उद्या पुन्हा मागायला जायचं, त्याच्या तोंडावर आज काही दिलं नाहीस असं कसं म्हणायचं? हिंदूंच्या घरात हे चालायचं तसंच ख्रिस्ती घरातही चालायचं. पाद्रीबाबांनी एकदा प्रवचनात त्यावर बोलून पाहिलं. लोकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बरा आसा.

ही सवय इझाबेलला चांगलीच महागात पडली. ती कशी, हे सांगायचं तर आधी रापणीबद्दल थोडं सांगायला हवं.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नाही. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धगोल फेरी मारते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंना माणसं लागून ती ओढतात. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि ज्याचा हात दोराला लागला त्या प्रत्येकाचा एक. कुणाचा हात जोरात लागला आणि कुणाचा नुसता लागला, हे कुणी बघत नाही. म्हाताऱ्यांचा वाटा तसाच तर चालतो.

इझाबेलच्या नवऱ्याने, रोझारियो फर्नांडिसने, उभ्या आयुष्यात दुसरं काही केलं नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यावर एका सकाळी दोर ओढता ओढता तो वाळूत खाली बसला. लोकांना वाटलं, दम लागला. कुणी चेष्टाही केली. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. जाळं मात्र पाण्यात होतं, ते तसंच ठेवून चालणार नव्हतं. दुपारी रडत-रडत ते ओढलं आणि वाटे घालायला गुरुदास बसला. गुरुदास त्या रापणीचा म्होरक्या, रोझारियोचा लहानपणापासूनचा सोबती. एकेक नाव घेत तो मासळीचा ढीग मांडत जायचा. त्या दिवशीही जिभेच्या सवयीने तो म्हणून गेला, "रोझारियो."

मग गुरुदासने खाली मान घालून वाटा मांडला. दुसऱ्या दिवशीही मांडला. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही, पण तेव्हापासून रोज रोझारियोचं नाव पुकारलं जाई आणि इझाबेल टोपली घेऊन पुढे होई. ती मासळी घेऊन ती मालवणच्या बाजारात बसायची, उरली तर खारवून सुकवायची. गिऱ्हाईक थांबलं की म्हणायची, "घे गो, रोझारियोचे बांगडे आसत, ताजे." जुनी गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत आणि बांगडे घेत. नवरा गेला, असं इझाबेलच्या तोंडून तीन वर्षांत कुणी ऐकलं नाही. ज्याचा वाटा रोज पडतो त्याला गेला म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

पण अलीकडे दर्यात रात्रीचे दिवे लावून मोठ्या बोटी फिरू लागल्या आणि रापणीला यायचं ते तिकडेच अडू लागलं. आठवडेच्या आठवडे जाळं रिकामं यायचं. त्यात इझाबेलची साखर वाढली. डॉक्टरांनी रोजचं इन्सुलिन सांगितलं. इन्सुलिनला दर्याची भाषा कळत नाही, ते वेळेवर लागतं. म्हापशाला दिलेली मुलगी डेल्सी फोनवर एकच धोशा लावायची, "मम्मी, घर बंद कर आनी हांगा यो." जावई चांगला होता, पण दुसऱ्याच्या घरात औषधाची बाटली पुढे करायची इझाबेलची तयारी नव्हती. शेवटी शेजारच्या जानकीनेच निराधार योजनेचा अर्ज भरून दिला. विधवांना महिन्याला पैसे मिळतात, फार नाहीत, पण मिळतात.

आता सरकारची एक खोड आहे. त्याला महिना लागतो. महिन्याला किती, वर्षाला किती. दर्या असा महिन्याच्या हिशेबाने कधी कुणाशी वागलाय? पण अर्जात रकाना आहे म्हटल्यावर तो भरलाच पाहिजे, आणि उत्पन्नाची मर्यादा इतकी ठेंगणी, की तिच्याखालून जायला माणसाला जवळजवळ रांगावं लागतं.

चौकशीला तलाठी विनीत आला. कुडाळचा पोरगा, नवीनच नोकरीला लागलेला, नम्र. इझाबेलने घरापुढच्या खळ्यात खुर्ची मांडली, कोकम सरबत दिलं आणि ऑफिसातली मराठी काढली.

"काकी, मासे विकून महिन्याला किती मिळतात?"

"मिळतात."

"हो, पण किती?"

"बरे मिळतात."

विनीत हसला. "बरं, काल किती मिळाले?"

काल काहीच नव्हतं. परवाही नव्हतं. पण खळ्यातून समोर दर्या दिसत होता, अगदी ऐकू जाईल इतक्या जवळ. दिवाळीच्या सुमारास एकदा तारल्यांचा थवाच्या थवा रापणीत आला होता, त्या दिवसाचा आकडा इझाबेलने सांगून टाकला.

"असं रोज मिळतं?"

"दर्यो देता," ती म्हणाली.

विनीतने शेजारून येऊन बसलेल्या जानकीकडे पाहिलं. जानकी स्वतः मासे विकणारी, तिचं तोंडही त्याच मुशीतलं. ती म्हणाली, "व्हय तर. काकीचा बरा चलता." विनीतने गुणाकार केला, कनवाळूपणे त्यातून बरंच कमी केलं, तरी उरला तो आकडा मर्यादेच्या डोक्यावरून गेला. महिन्याभराने अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं.

"गो काकी," जानकी कपाळावर हात मारून म्हणाली, "तुझ्या तोंडाक त्या दिसा काय झाल्ला?"

"आनी तुझ्या?"

दोघी हसल्या, पण हसण्यासारखं काही नव्हतं. औषधाच्या दुकानात उधारी लागली होती. इझाबेलने कुणाला न सांगता इन्सुलिन एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. पायाला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा जानकीने ते ओळखलं आणि तडक गुरुदासला जाऊन सांगितलं.

गुरुदास संध्याकाळी आला. पडवीत बसून त्याने सगळं ठरवूनच आणलेलं बोलून दाखवलं.

"वयनी, आमी सगळे लिवन देतंव. रोझारियो गेल्यार वाटो बंद झालो, म्हणान. तू परत अर्ज कर. पैशे चालू होतले."

"आनी वाटो?"

"वाटो खंय जाता? तो तुका गावतलोच. फक्त किनाऱ्यार नाव घेवचंव नाय. जानकी सांजची मागच्या दारान हाडून देयत."

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण इझाबेल ऐकूनच खचली. रोझारियोचं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने पुकारलं जायचं, त्याचा ढीग उजेडात मांडला जायचा. आता त्याचे बांगडे फडक्याखाली झाकून, कुणी बघत नाही ना असं बघत, मागच्या दाराने येणार. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेल्या माणसाला मेल्यावर चोर करायचं? आणि दुसरंही तिला टोचू लागलं. सरकार देणार, वर ह्यांनीही द्यायचं. जाळं रिकामं येत होतं तेव्हा ह्यांच्या घरातही पेजच शिजत होती. तरी कुणी एकदाही म्हटलं नाही, की इझाबेल, आता पुरे.

ती म्हणाली, "बघतंय." गुरुदासला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ती विनीतच्या ऑफिसात गेली. ऑफिस गावाच्या आत, आंब्याच्या झाडामागे. तिथून दर्या दिसत नव्हता, म्हणूनच तिला बोलता आलं असावं. मागच्या वेळी सांगितलं ते एकाच दिवसाचं होतं, हे तिने कबूल केलं. मग बाकीचे दिवस सांगितले. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला, की विनीतला पुढे वाकावं लागलं.

"काय एक गावाक नाय. त्या आठवड्यात नाय. त्याच्या फुडच्यातव नाय."

विनीतने पेन ठेवलं. घरची बोली आपसूक त्याच्या तोंडात आली. "काकी, माका कळता. कमी मिळता ह्या मी लिवीन. पण वाटो आसा म्हणान लिवलंय, तर वरची लोका म्हणतली, बाईक साधन आसा, आनी परत नामंजूर करतली. वाटो आसा काय नाय, येवढाच सांग. तू सांगशीत ता लिवतंय."

म्हणजे वाट मोकळी होती. नुसतं "नाय" म्हणायचं. एकदा म्हणून झालंच होतं, जीभ सैल झाली होती.

"आजच्या दिसाक आसा," इझाबेल म्हणाली. "झिला, तू परवापर्यंत थांब. मी परत येतंय, तेवा लिव."

सकाळी रापण लागली. दोर ओढून झाला. मासळी बेताची होती, बांगडे आणि थोडे पेडवे. गुरुदास उकिडवा बसला आणि नावं घेत ढीग मांडू लागला. रोझारियोचं नाव आलं. इझाबेल पुढे झाली नाही.

"वयनी, टोपली खंय?"

"टोपली हाडूक नाय." तिने पदराचं टोक हातात गुंडाळलं. "गुरुदास, ह्यो वाटो मोड."

"कागदार काय लिवचा ता लिवया गो. हयसर कोण बघता?"

"मी बघतंय मा." दर्या समोर होता, लाटेचं पाणी तिच्या पायाशी येत होतं, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "रोझारियो मेलो, गुरुदास. तीन वर्सा झाली. तुमी त्येका जिवंत ठेवलास, माझ्यासाठी. आता माका सरकार देतला. तुमच्या पोरांच्या ताटातला मी घेवचंय नाय."

गुरुदासने त्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक बांगडा उचलून तो बाकीच्या वाट्यांवर ठेवू लागला. हात त्याचा भरभर चालायचा, वाटे घालण्यात त्याच्याइतका हात कुणाचा नव्हता. त्या दिवशी तो हात चालेना. शेवटचा मासा उचलल्यावर वाळूवर ओला डाग तेवढा राहिला आणि इझाबेल तिथेच बसली. नवऱ्याची पेटी कबरीत उतरवताना ती रडली नव्हती. धीराची बाई, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. धीर कसला, तिने ते खरं धरलंच नव्हतं. आता ती मोठ्याने रडली. गुरुदासही रडला. जानकीने येऊन तिला उठवलं आणि घरी नेलं.

दुपारी तिने विनीतला जाऊन सांगितलं. त्याने लिहिलं, तिने सही केली. दोन-तीन महिने गेले आणि खात्यात पैसे जमा होऊ लागले. उधारी फिटली, इन्सुलिन रोजचं झालं, पायाच्या मुंग्या कमी झाल्या. डेल्सीने फोनवर सरकारला धन्यवाद दिले. इझाबेलनेही दिले, मनापासून दिले. सकाळी किनाऱ्यावर आवाज आला की मात्र ती घराच्या मागच्या बाजूला काहीतरी काम काढायची.

बरेच दिवस तिने मासे खाल्ले नाहीत. डाळ केली, अंडं केलं. मग एका रविवारी चर्चमधल्या मीसवरून येताना बाजाराच्या तोंडाशी जानकी टोपली घेऊन बसलेली दिसली. इझाबेल थांबली.

"बांगडे कशे दिलंस?"

जानकीला आधी थट्टाच वाटली. मग तिने चांगले मोठे बांगडे निवडून पिशवीत घातले आणि पिशवी पुढे केली.

"पैशे सांग."

"काकी, गप बस."

"पैशे सांग, नायतर माका मासे नको."

जानकीने भाव सांगितला. इझाबेल बाहेरच्या गावातून लग्न होऊन ह्या वाडीत आली तेव्हापासून तिच्या घरात विकतचा मासा शिजला नव्हता. भावावरून घासाघीस करणाऱ्या बायकांना तिने बाजारात बसून आयुष्यभर झापलं होतं. आता स्वतः घासाघीस करावी की नाही, हे तिला कळेना. तिने बटव्यातून नोटा काढून दिल्या.

जानकीने बांगडे परत पिशवीतून काढले, कोयता ओढला आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं खाली मान घालून विचारलं, "चिरून देव?"

"दी," इझाबेल म्हणाली, आणि टोपलीच्या अलीकडे, मासे घ्यायला आलेल्या बाकीच्या बायकांमध्ये, उभी राहिली.