कापड बेतायची फळी

पंपवाल्या काकांच्या संग्रहालयात मळकी वस्तू कधी दिसायची नाही.

काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. नवी योजना आली, जुने पंप थांबले आणि काकाही निवृत्त झाले. किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण ती मागायला कुणी आलंच नाही. रिकाम्या पंपघरात त्यांनी आधी जुनी प्रेशर मीटरं मांडली. मग कुणी बंद पडलेल्या छापखान्याचे अक्षरांचे खिळे आणून दिले, कुणी शाळेची घंटा, कुणी न्हाव्याची खुर्ची. असं करत करत गावाचं संग्रहालय झालं. पगार कुणालाच नव्हता. काका रोज दार उघडायचे. निवृत्त नर्स, म्हणजे आमच्या सिस्टर, आल्यागेल्याला माहिती सांगायच्या. दिवे, वायरिंग आणि वस्तूंचे फोटो माझ्याकडे. काकू या जागेला सवत म्हणायच्या. त्यांनी तिथं कधी पाऊल टाकलं नाही. काका निघाले की विचारायच्या, "जेवायचं तिकडेच आहे, की घरी टाकू?"

काकांची एक शिस्त होती. आलेली वस्तू आधी मागच्या ओट्यावर जायची. तिथं घासणं, पुसणं, तेलपाणी, आणि मगच ती आत. अंगावर कामाचा निळा डगला, खिशात तेलकट फडकं. ते जवळून गेले तरी मशीन ऑइलचा वास यायचा. फोटोही साफसफाईनंतरच काढायचा. मी एकदा आधी काढूया म्हणालो, तर म्हणाले, अंघोळीआधी फोटो काढतं का कुणी? सिस्टर म्हणायच्या, एक दिवस मलाही घासून कपाटात ठेवतील हे.

पंपघरासमोरचे टेलरमास्तर काकांचे जुने दोस्त. मास्तर गेले तेव्हापासून दुकान बंदच होतं. शेवटी ती जागा सोडायची वेळ आली आणि मास्तरांच्या बायकोनं त्यांची कापड बेतायची फळी संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. काका त्यांना वहिनी म्हणत. जाडजूड, लांबलचक फळी, पोटाशी टेकून टेकून एक कड गुळगुळीत झालेली. ती हातगाडीवरून आली आणि वहिनी तिच्यावर हात ठेवून गाडीबरोबर चालत आल्या.

"सांभाळून हं, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. काकांना वाटलं, कोपरे आपटतील म्हणून सांगतायत.

दोस्ताची फळी, त्यामुळे काकांना किती करू नि काय करू झालं. मेणाचे ठिपके त्यांनी नखानं काढले. इस्त्रीचे डाग घासले. एका कोपऱ्यात निळ्या खडूच्या पुसट रेघोट्या होत्या, त्या ओल्या फडक्यानं पुसल्या. मग जवसाचं तेल चोळलं. फळी अशी उजळली की मी फोटो काढताना दिव्याची चकाकी टाळता टाळता दमलो.

काही दिवसांनी वहिनी आल्या. बरोबर परगावी दिलेली लेक होती. वहिनी बाकी कशाकडे न बघता थेट फळीच्या त्या कोपऱ्याशी गेल्या, चष्मा लावला, वाकल्या. मला म्हणाल्या, जरा इकडे उजेड कर. मी दिवा वळवला. त्यांनी लाकडावरून बोटं फिरवली.

"इथं होतं," त्या लेकीला म्हणाल्या.

हळूहळू उलगडा झाला. मास्तर गिऱ्हाइकाची मापं फळीच्या कोपऱ्यात खडूनं लिहायचे, काम झालं की पुसायचे. दवाखान्यात नेलं त्या सकाळी लिहिलेली मापं मात्र पुसायची राहिली. तेव्हापासून वहिनी बंद दुकान उघडून झाडायच्या, फळीही पुसायच्या, तेवढा कोपरा सोडून. घरात मास्तरांच्या हातचं दुसरं अक्षर नव्हतं. द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना वाटलं, जपायचं म्हणूनच तर संग्रहालय असतं, ते वेगळं काय सांगायचं.

सिस्टरनी सावरून घ्यायला बघितलं. गाडीवर पोतं होतं, त्याला घासून गेलं असेल, म्हणाल्या. वहिनींनी तेही मानलं असतं. पण काका पुढे आले.

"पोत्यानं नाही, वहिनी. मी पुसलं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला मळ वाटला असेल," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "काय लिहिलं होतं, आठवतंय का?"

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. "निळा खडू होता," ते म्हणाले.

"हो. निळाच."

लेक त्यांना हाताला धरून घेऊन गेली. वहिनी पुन्हा आल्या नाहीत. काका एकदा त्यांच्या घरी जाऊन आले, पण काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फळीवर त्यांनी पाटी लावली: 'येथे टेलरमास्तरांनी खडूने लिहिलेली शेवटची मापे होती. ती मी पुसली.' सिस्टर म्हणाल्या, लोक नावं ठेवतील. ठेवू देत, म्हणाले. फक्त हे काकूंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, असं आम्हाला बजावलं.

त्यानंतर काकांनी काहीच पुसलं नाही. शाळेची घंटा काळवंडली, खुर्चीवर धूळ बसली. कधी कधी ते खिशातून फडकं काढून एखाद्या वस्तूपाशी उभे राहायचे, आणि तसंच परत खिशात घालायचे. हात शिवशिवतायत का, असं सिस्टरनी विचारलं तर नुसते हसायचे. पण ते हसणं पूर्वीचं नव्हतं.

या हिवाळ्यात काका गेले. त्यांचा डगला फळीशेजारी लावायचा, असं सिस्टरनी आणि मी ठरवलं. खिशातल्या फडक्यासकट, आहे तसा. मी काकूंकडे मागितला. तेवढं 'आहे तसा' म्हणायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

काकू स्वतः घेऊन आल्या. सवतीच्या घरात पहिल्यांदाच. पिशवीतून त्यांनी डगला काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, तुटकं बटणही नवं लावलेलं. वर फडक्याची घडी. त्यावर बारीक फुलं होती, जी आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती.

"माझ्याच साडीचा तुकडा निघाला की रे," काकू म्हणाल्या. "किती पाणी बदललं, तेव्हा कुठं तेल सुटलं. मळकं कसं देणार? त्यांना खपलं असतं का?"

मी डगला हातात घेतला. साबणाचा वास आला. फक्त साबणाचा.

"छान निघालाय, काकू," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही डगला खुंटीला लावला. काकूंनी त्याची कॉलर नीट केली आणि मग सगळं संग्रहालय सावकाश फिरून पाहिलं. सिस्टर मात्र फळीवरच्या पाटीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. काकू बाहेर पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.