लाखेच्या मोहोरेखालची माळ

दुकानदाराने फसवले, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. पावतीवर ‘समुद्री कल्चर मोती’ असे स्वच्छ लिहिले होते, आणि लिहिल्या शब्दाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते, हे मी नगरच्या न्यायालयातील नोकरीत आयुष्यभर पाहिले.

माळ पत्नीसाठी घेतली. तिच्या भाचीचे लग्न कोल्हारला होते. मोती घालून माहेरच्या मांडवात जावे, एवढीच तिची इच्छा. दुकानात तिने एक मोती समोरच्या दातांवर हलकेच घासला.

“किरकिरतंय. खरं हाय.”

काच असती तर गुळगुळीत घसरली असती. मग तिने माळ दारातल्या उजेडात धरली. मोत्यामोत्यात दाराची चौकट स्पष्ट उमटली. तिची परीक्षा तेथे संपली. माझी घरी सुरू झाली.

भिंगातून मी मोत्यांची भोके तपासली. समुद्री कल्चर मोत्याच्या पोटात बहुधा शिंपल्याचा घडवलेला मणी असतो. भोकाच्या कडेला तो मणी आणि वरचा थर यांमधली रेघ दिसते. येथे रेघ नव्हती. काही मोती किंचित लांबटही होते. मुंबईच्या प्रयोगशाळेने लेखी कळवले: कल्चर मोती, चमक उत्तम, परंतु गोड्या पाण्यातील.

माझी नोटीस पोहोचताच दुकानदाराचा फोन आला. “काका, या की. माळ बदलून देतो, वर चहा पाजतो.”

“चहा नको. चूक लेखी कबूल करा.”

ते त्याने केले नाही. मी ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल केली.

मीच माळ बदलली, असा आक्षेप पुढे येऊ नये म्हणून दोन शेजाऱ्यांसमक्ष मी ती प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खाकी लिफाफ्यात घातली, लाख वितळवून मोहोर उठवली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. पंचांना चहा देताना पत्नी म्हणाली, “आमच्या लग्नात ह्यांना सुचलं न्हाई, न्हाईतर अंतरपाटावरबी सह्या घेतल्या असत्या.” सगळे हसले. मीही हसलो.

लग्नाच्या सकाळी ती कपाटापुढे उभी राहिली.

“अहो, एक दिस द्या. सांजच्याला परत लिफाफ्यात घाला.”

“मोहोर तुटली की पुरावा संपला. निकाल लागू दे, अस्सल समुद्री मोती घालशील.”

“मी प्रवराकाठची. मला नदीतले चालत्यात की.”

“प्रश्न चालण्याचा नाही, पावतीचा आहे.”

तिने गळ्यातली काळी पोत सारखी केली आणि पिशवी उचलली. मांडवात तिच्या बहिणीने विचारले, “मोती कुठं गं?” “कोर्टात हायेत,” ती म्हणाली, आणि हसली. ते हसणे मी पाहिले होते. तरीही मला माझेच बरोबर वाटत होते.

दुकानाच्या वकिलाने तारखांवर तारखा मागितल्या. मी प्रत्येक तारखेला हजर राहिलो. अशाच एका तारखेहून परतलो, तेव्हा घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढे निकाल माझ्या बाजूने लागला. मी मागितले होते तसा, शब्द न् शब्द. मूळ माळ दुकानास परत करून समुद्री मोत्यांची माळ घ्यावी, असा आदेश झाला.

मी लाख फोडली. मोती कोरडे, निस्तेज पडले होते. दोन-तीन मोत्यांवर केसासारख्या चिरा होत्या. कापडबाजारात माळा ओवून देणाऱ्या बाईंना दाखवली. त्यांनी ती तळहातावर फिरवली.

“काका, असं कोंडून ठेवत्यात व्हय? मोत्याला अंगाचा ओलावा लागतो. घरात घालाय कुणी नव्हतं का?”

“होते,” मी म्हणालो.

आता दुकानाचे पत्र आले आहे: नवी माळ तयार आहे, जुनी घेऊन यावे. त्यांचे आजवरचे हे पहिले सभ्य पत्र. कोणाचेही पत्र मी अनुत्तरित ठेवलेले नाही. याच्या उत्तराचा मसुदा तीनदा केला. ‘सदर माळ मी परत करू शकत नाही, कारण’ येथवर लेखणी ठीक चालते. पुढचे कारण कोणत्या कलमाखाली बसते, ते मला सापडत नाही.