ताटाच्या कडेने लिहिलेली नावं

आमचं गाव जबलपूरकडच्या पाटनच्या पुढे, नदीकाठी. आजोबा वर्ध्याकडून इथे आले, म्हणून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. माझी पिठाची चक्की आहे.

रेतीवाले आले तेव्हा वाटलं, उपसतील आणि जातील. ते गेले नाहीत. काठच्या शेतांत मशीनं उतरली आणि पाटनला जायच्या एकुलत्या रस्त्यावर त्यांनी बांबू आडवा टाकला. तिथे दिवसभर कोणी ना कोणी खुर्ची टाकून बसलेलं असे. "कहाँ जा रहे हो, भैया? कब लौटोगे?" मोबाइल मागून त्यातले फोटो बघायचे. मी हसत मोबाइल द्यायचो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

शेजारच्या काकांचं अर्धं शेत खचून नदीत गेलं. ते तक्रारीचा अर्ज घेऊन एकटेच निघाले. बांबूपाशी खिशातला कागद सापडला आणि त्यांचा उजवा हात मोडला गेला. त्यानंतर गावात नदीचं नावही कोणी काढेना. लोक चक्कीवर यायचे, डबा ठेवायचे आणि खाली बघत उभे राहायचे.

एकदा जेवताना बायको म्हणाली, "आपल्याच गावात आपण परवानगी मागून राहिलो. काहून?"

"काकांचा हात पाहिला ना तू?"

"ते एकटे होते. सगळ्यांचा मिळून अर्ज असला तर किती हात मोडतील?"

"आणि पहिलं नाव कोण लिहील?"

तिने हात धुतले, कागदावर एक ताट उपडं ठेवलं आणि कडेने पेन्सिल फिरवली. गोलावर नावं लिहायची, म्हणजे पहिलं कोणाचं ते कळणारच नाही.

अर्ज तिनेच लिहिला. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या तळाशी ठेवायचो, वरून पीठ. ज्याच्या घरी डबा जाई, तो पुढच्या दळणाच्या गव्हाखालून कागद परत पाठवी. काही घरांतून तो सही न होता आला. मी कोणाला विचारलं नाही. काकांनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

एका दुपारी बांबूवरचा माणूस स्वतःच गहू घेऊन आला. कागद असलेला डबा समोरच होता. त्याने त्यातलं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. "मोटा पीसते हो. हमारा बारीक करना."

"जी," मी म्हणालो. त्याचं दळण होईपर्यंत तो त्याच डब्याला पाय टेकून बसला. माझे पाय थरथरत होते, पण चक्की चालू असली की सगळंच थरथरतं, म्हणून निभावलं.

आमची मुलगी जबलपुरात, रिछाईच्या कारखान्यांजवळ राहते. बायको पिठाचा डबा घेऊन तिच्याकडे निघाली. बांबूपाशी झाकण उघडायला लावलं. "बेटी के लिए आटा है," ती म्हणाली. जाऊ दिलं. मुलीने तो कागद जिल्ह्याच्या कलेक्टर साहेबांच्या हातात दिला.

मग नुसती वाट पाहणं. बायको तिकडेच थांबली होती. मी रोज चक्की उघडायचो, आणि कोणी जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं की वाटायचं, याने सांगितलं. पळायचं म्हटलं तरी रस्ता एकच, आणि त्यावर बांबू.

तीन आठवड्यांनी पोलिसांच्या गाड्या आल्या. मशीनं त्याआधीच निघून गेली होती. सोबत आलेल्या त्याच साहेबांनी बांबू उचलायला लावला. आम्ही चक्कीपाशीच उभे राहिलो. काका तेवढे चालत बांबूच्या जागेपर्यंत गेले, पलीकडे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. त्यांच्या अर्ध्या शेताच्या जागी आता पाणी आहे.

मशीनं सध्या नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या गावात चालतात. गेल्या महिन्यात तिथले दोघे दळण घेऊन माझ्याकडे आले. एवढ्या लांब दळायला कोणी येत नाही. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मी चक्की चालू ठेवली, दार लोटलं आणि त्यांना आत बसवलं.