हनुवटीवरचे तीन ठिपके

फोटोतले डाग काढण्यात माझा हात धरणारा आख्ख्या वडीगोद्रीत कुणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. हायवेला लागून माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो, यावर तो चालतो. यातलं शेवटचं काम मी सगळ्यात मन लावून करायचो, आणि तिथंच माती खाल्ली.

एका बाईंची आई वारली होती. पूर्वी मेंढरं राखणारं, आता शेती करणारं घर. आईचा जन्मात एकच फोटो निघालेला, कुठल्याशा कार्डासाठी काढलेला, आगपेटीएवढा. तंबाखूच्या चंचीत राहून त्यावर बुरशीचे ठिपके पडले होते. मी तो स्कॅन करून घेतला, बाईंनी परत चंचीत ठेवला आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम न्यायला येते म्हणाल्या.

डाग काढायचा ब्रश मोठा गुणी असतो. शेजारची साफ कातडी उचलून डागावर बेमालूम बसवतो. ठिपका दिसला की क्लिक, ठिपका दिसला की क्लिक. गाल साफ, कपाळ साफ, हनुवटी साफ. वर सवयीनं आजीला चांगलं गोरंही केलं. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला गोरं व्हायचं असतं. मेलेल्यांनाही तेच हवं असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

बाई ठरल्या दिवशी आल्या. फ्रेम हातात घेऊन बघतच राहिल्या.

"दादा, ही कोण बाई हाय?"

माझं डोकंच सरकलं. "चार तास बसलोय ताई त्याच्यावर!"

"बसला असाल. पण गोंदण कुठंय? कपाळावर एक अन् हनुवटीवर तीन." त्यांचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. "कानातलं, पाटल्या, सगळं आम्हीच उतरून घेतलं तिच्या अंगावरून. गोंदण तेवढं तिच्यासंग गेल्तं. तुम्ही तेबी काढून घेतलं?"

बुरशीच्या हिरवट ठिपक्यांत ते हिरवे ठिपके मी एका झपाट्यात पुसले होते. कसंबसं म्हणालो, "जुना फोटो द्या ताई, आत्ता नीट करून देतो."

"तो कुठला? भावानं राखेसंग तिची चंचीबी गंगेत सोडली. आत फोटो हाय, हे त्याला ठाऊकच न्हवतं."

गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत. मी कॉम्प्युटरकडं वळून स्कॅन उघडला, तर त्यातही गोरीच आजी. तयार फोटो मी स्कॅनच्याच नावानं सेव्ह केला होता. नवा फोटो जुन्यावर बसला, जुना गेला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

आता आशा एकच होती, कामाच्या फाइलची. तिच्यात फोटो आणि त्यावरचे बदल एकावर एक थरांत वेगवेगळे राहतात. मी हे काम जुन्या जालन्यात शिकलो. आमचे उस्ताद मूळ फोटोला ब्रश लागला की सरळ हातावर फटका मारायचे. "मूळ थराला शिवायचं न्हाई. त्याची नक्कल वर ठेव, मंग काय नाटकं करायची ती नकलेवर कर." या धोशाचा तेव्हा मला भयंकर कंटाळा यायचा. या वेळी नक्कल काढली होती की घाईत थेट मूळ फोटोवरच हात चालवला होता, काही केल्या आठवेना.

फाइल उघडली. सगळ्यात वर गोरेपणाचा थर. त्याखाली डाग काढलेला. आणि त्याच्याही खाली आणखी एक. वरचे दोन्ही बंद केले, तशी बुरशीसकट खरी आजी समोर आली. गोंदण जागच्या जागी! मी एवढ्या मोठ्यानं "हुश्श" केलं की बाई दचकल्या. उस्ताद समोर असते तर मी त्यांचे पायच धरले असते.

मग बाईंना शेजारी स्टूल दिलं. डाग काढलेला थर खोडायचा नाही, त्याला मास्क लावायचा. काळा ब्रश फिरवला की तेवढ्या जागेपुरतं खालचं दिसतं, चुकलं तर पांढऱ्या ब्रशनं पुन्हा झाकता येतं. कुठं फिरवायचा, ते बाई बोटानं दाखवत होत्या.

"हा बुरशीचा, ऱ्हाऊ द्या झाकलेला. हा आईचा. हाबी आईचा."

गोरेपणाचा थर मी सावकाश फिका करत नेला. "अजून," त्या म्हणाल्या. "अजून थोडं. बस! उन्हातून आल्यावर अशीच दिसायची."

नवा प्रिंट काढला. बाईंनी हनुवटीवरचे ठिपके बोट ठेवून मोजले. तीन. इतका वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळे तेव्हा भरून आले.

"बराबर हाय दादा," त्या म्हणाल्या. "बाप आधीच गेलाय आमचा. आता तिकडं तो वळखल हिला."