वहिनीने पुढे केलेलं डोकं

आमची वहिनी आरोग्यशिक्षिका. शाळेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना हात धुवायला शिकवण्यात तिची निम्मी हयात गेली. मग तिची बदली व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत झाली, आणि मी तिथेच शिवण शिकवते. म्हणजे घरी वहिनी, कामावरही वहिनी!

शाळेतलीच भित्तिचित्रं काखोटीला मारून ती पहिल्याच दिवशी केशकर्तनाच्या वर्गात शिरली. "घडोघडी हात धुवा," असं तिने म्हणायचा अवकाश, वर्ग खो खो हसत सुटला.

"बाई, दिवसभर गिऱ्हाइकांची डोकी धुतो आम्ही. हात कोरडे असतात कधी?"

हसली नाही ती फक्त चिमणी. ही अंगाने बारीक, म्हणून तिला सगळे चिमणीच म्हणत. तिने हात ॲप्रनच्या खिशात लपवले होते. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही, हा जाच मी रोज सोसते. तिने ते हात बाहेर काढायला लावले. पाण्याने आणि शांपूने बोटं लालभडक होऊन चिरली होती.

"आईला सांगू नका," चिमणी रडवेली झाली. "ती शिकणंच बंद करेल."

त्या संध्याकाळी वहिनीने भित्तिचित्रं माळ्यावर टाकली. "शाळेचा धडा मी इथे जसाच्या तसा आणला गं. या पोरांना हात जपायला शिकवायला हवं." ती आपली चूक कबूल करते आहे, हे ऐकून मला गहिवरूनच आलं.

दुसऱ्या दिवशी तिने चिमणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मलम दिलं आणि डोकी धुताना हातमोजे घालायला बजावलं. पण केशकर्तनाचे मास्तर ऐकेनात. "मोज्यांतून केस कळत नाहीत. गिऱ्हाईक उठून जाईल. जमत नसेल तर तिने दुसरं काहीतरी शिकावं."

वहिनी वाद घालत बसली नाही. सरळ बेसिनपाशी जाऊन खुर्चीत बसली आणि मान मागे टाकली. "चिमणे, घाल मोजे. गिऱ्हाईक उठतंय का, ते मास्तर बघतील."

मी शिवणाचा वर्ग सोडून दारात उभी होते. चिमणीने मोजे चढवून पाणी सोडलं. शांपू वहिनीच्या डोळ्यांत गेला, पण तिने डोळे मिटून मान तशीच ठेवली. हळूहळू बोटं सरावली. पाणी बंद झालं, तरी वहिनी उठेना. मास्तर वाकून बघतात तर ती चक्क घोरत होती!

मास्तरांनाही हसू आवरेना. "उद्यापासून सगळे मोजे घालतील," ते म्हणाले. "आणि चिमणे, तू कुठेही जायचं नाहीस."

मग आपले तळहात उलटसुलट बघत त्यांनी आवाज खाली आणला. "ते मलम जुन्या चिरांवर चालतं का गं?"

चिमणीने खिशातली ट्यूब काढून त्यांच्या हातावर ठेवली.